खायचे दात, दाखवायचे दात

बेडशाची लेणी मी पहिल्यांदा पाहिली ती कॉलेजात असताना. शेवटची पाहिली ती गेल्या हिवाळ्यात, निवृत्त होऊन दहा वर्षं उलटल्यावर. मधल्या काळात डोंगर होता तिथेच राहिला, पायऱ्या मात्र वाढल्यासारख्या वाटल्या. कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यानं गेलं की पायथ्याशी बेडसे गाव लागतं आणि तिथून सुमारे चारशे पायऱ्या चढून आपण लेण्यांपाशी पोहोचतो. कार्ले आणि भाजे इथे सहलींची गर्दी असते. बेडशाला ती नसते. ज्याला शांतपणे दगडाशी बोलायचं आहे त्यानं इथं यावं.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं हे लेणं. चैत्यगृहाच्या ओसरीत उंच खांब आहेत आणि खांबांच्या माथ्यावर घोडे, बैल आणि हत्ती बसलेले आहेत. त्यांच्या पाठीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या. इतिहासाचा मास्तर म्हणून चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की हे शिल्प पाहा, हा दगड पाहा, हा शिलालेख वाचा. या वेळी मात्र माझं लक्ष हत्तींच्या तोंडाकडे गेलं. कारण सांगतो. जवळच्याच कार्ल्याच्या चैत्यगृहात ओसरीच्या दोन्ही बाजूंना दगडी हत्तींची रांग आहे. त्या हत्तींना मुळात खरे हस्तिदंती सुळे बसवलेले होते, असं अभ्यासक सांगतात. दगडात खाच घ्यायची आणि तिच्यात सुळा घट्ट रोवायचा. म्हणजे मावळात दात ‘रोवून’ बसवण्याची कारागिरी दोन हजार वर्षांची झाली! मला त्या हत्तींबद्दल आपुलकी वाटायला आणखी एक कारण होतं. माझ्याही खालच्या जबड्यात दोन टायटॅनियमचे स्क्रू रोवलेले आहेत आणि त्यांच्या आधारावर माझी खालची कवळी बसते.

लेणी उतरून आम्ही चौघे निवृत्त मित्र गावात आलो. एका ओळखीच्या घरी जेवणाचं सांगून ठेवलं होतं. तांदळाची भाकरी, पावट्याचं कालवण, इंद्रायणीचा भात. चुलीपाशी ऐंशीच्या घरातल्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, एक प्लॅस्टिकची डबी होती आणि पारदर्शक झाकणातून आतली कवळी दिसत होती. मी विचारलं, “मावशी, ही तुमची?”

“माझीच की. लेकानं कॅम्पात नेऊन बसवून आणली.”

“मग आत्ता का नाही लावली?”

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मास्तर असून याला एवढं कळत नाही. म्हणाल्या, “आत्ता जेवायचंय न्हवं!”

कवळी त्या लग्नाकार्याला लावतात. फोटोत तोंड भरल्यासारखं दिसतं म्हणून. जेवताना ती खालून उचलते, कण आत जाऊन हिरडी सोलते, म्हणून घरात ती डबीत. भाकरी त्यांनी कालवणात कुस्करली, बोटांनी मऊ केली आणि आमच्याआधी जेवून मोकळ्या झाल्या. ‘खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे’ ही म्हण आपण ढोंगी माणसाला लावतो. पण इथे ती शब्दशः खरी होती आणि तिच्यात ढोंग काहीच नव्हतं. परत येताना गाडीत मी विचार करत होतो, की माणसाला दात कशासाठी हवे असतात? आणि नसले तर त्यानं आजवर काय काय केलं?

याचा शोध घ्यायला लांब जावं लागत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. ताम्रपाषाण युगातली, तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती सापडली आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं सापडली. त्यात मुलं फार. या माणसांच्या दातांचा बारकाईनं अभ्यास झाला, कारण दात हा सांगाड्यातला सर्वांत टिकाऊ भाग. हाड विरघळतं, दात राहतो. माणूस काय खात होता, लहानपणी आजारी पडला होता का, उपाशी राहिला होता का, हे दातावर लिहिलेलं असतं. बलुचिस्तानातल्या मेहरगढला तर आणखी जुनी, सात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची माणसं सापडली आणि त्यांच्यातल्या नऊ जणांच्या अकरा दाढांना जिवंतपणी भोक पाडल्याचं आढळलं. २००६ मध्ये हे जगापुढे आलं. दातदुखी हे दुखणं शेतीइतकंच जुनं आहे असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या वाङ्मयात तर एक देवच बोळका आहे. त्याचं नाव पूषन्. वाटा दाखवणारा, गुरं सांभाळणारा हा वैदिक देव. त्याला दात नाहीत, म्हणून यज्ञात त्याचा वाटा दळलेल्या पिठाचा, कालवलेल्या पातळ अन्नाचा. दक्षाच्या यज्ञात त्याचे दात पडले अशी पुढे कथा झाली आणि अश्विनीकुमारांनी ते दात बरे केले असं चरकसंहितेत आलं. यावरून कुणी प्राचीन भारतात इम्प्लांट होते असं सांगायला लागलं तर मात्र सावध राहावं. चरकात ही देवांच्या वैद्यांची थोरवी आहे, कृत्रिम दात करण्याची कृती नाही. मला या कथेत दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. बिनदाताच्या देवाला पंगतीतून उठवलं नाही. त्याच्यासाठी पीठ दळलं. घरातल्या म्हाताऱ्यांसाठी आपण जे करतो तेच इथे देवासाठी केलं आहे.

आता पुन्हा बेडशाला येऊ. चैत्यगृहाजवळ एक छोटा स्तूप आहे आणि त्याच्यापाशी एक लेख आहे. तो स्तूप गोभूती नावाच्या भिक्षूचा. त्याच्या शिष्यानं, असाळमित्रानं, तो करवला. गोभूती हा अरण्यात राहणारा आणि ‘पिंडपातिक’ होता असं लेख सांगतो. पिंडपातिक म्हणजे केवळ भिक्षेच्या अन्नावर राहण्याचं व्रत घेतलेला. पात्रात जे पडेल ते खायचं, तेही सूर्य माथ्यावर येण्याच्या आत. हे मऊ आहे, ते कडक आहे अशी निवड करायची नाही. मी त्या स्तूपापाशी उभा राहून विचार केला, की गोभूती म्हातारा झाला असेल, त्याच्या दाढा पडल्या असतील, तेव्हा त्याच्या पात्रात काय पडत असेल?

त्याचं उत्तर शिलालेखात नाही, पण बौद्ध विनयग्रंथांत त्याच्या आसपासचं पुष्कळ आहे. विनयात अन्नाचे दोन वर्ग पुन्हा पुन्हा येतात. एक खादनीय, म्हणजे चावून खायचं. दुसरं भोजनीय, म्हणजे भातासारखं मऊ. पेजेला तिथे खास परवानगी आहे आणि तिचे दहा गुण मोजून सांगितले आहेत. दातांसाठी काडी वापरायला बुद्धानं सांगितलं त्याचीही हकीकत आहे. काडी न वापरण्याचे पाच तोटे दिले आहेत. डोळ्यांना बरं नाही, तोंडाला वास येतो, चव घेणाऱ्या वाहिन्या साफ राहत नाहीत, पित्त आणि कफ अन्नाला लपेटतात, आणि पाचवा तोटा असा, की अन्न गोड लागत नाही. लक्षात घ्या, सगळं विरक्तीचं शास्त्र सांगणाऱ्या ग्रंथानंही जेवणातलं समाधान दातांच्या खात्यात जमा केलं आहे. पुढची गंमत अशी, की काही भिक्षू लांबलचक काड्या घेऊन छोट्या श्रामणेरांना मारू लागले, तेव्हा काडी आठ अंगुळांपेक्षा मोठी नको असा नियम झाला. मग कुणी फार छोटी काडी वापरली, ती घशात गेली, तेव्हा चार अंगुळांपेक्षा लहान नको असा दुसरा नियम झाला. नियम असेच होतात, आजही.

दात राखण्याचं इतकं शास्त्र होतं, पण गेलेला दात परत आणण्याचं नव्हतं. पडू पाहणारा दात मात्र बांधून ठेवत. याचा एक पुरावा आपल्याला एका रणांगणावर मिळतो. ११९४ मध्ये चंदावरच्या लढाईत कनौजचा राजा जयचंद पडला. प्रेतांच्या ढिगात राजा कोणता हे ओळखू येईना. शेवटी तो ओळखला गेला तो सोन्यानं जखडलेल्या दातांवरून, असं मुसलमान इतिहासकारांनी लिहून ठेवलं. ही हकीकत इंग्रजीत ज्यांनी प्रसिद्ध केली त्यांत एक नाव पुणेकरांच्या परिचयाचं आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट, खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यात असलेला, पुढे मुंबईचा गव्हर्नर. १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात त्यानं जयचंदाच्या दातांची आठवण ठेवली आणि त्या काळच्या राहणीवर यातून प्रकाश पडतो असा शेरा मारला. राजा असल्यानं त्याच्या दातांना सोनं मिळालं. प्रजेनं खलबत्ता घेतला.

खलबत्त्याला हसू नका. आपल्या आजीच्या पानाच्या डब्यात अडकित्त्याशेजारी एक छोटा पितळी खल असायचा, तो आठवा. पान, सुपारी, कात त्यात कुटून ती तोंडात टाकायची. भाकरीचा दुधात काला, मेतकूट घालून गुरगुट्या भात, नाचणीची आंबील, तांदळाची पेज, हे सगळं पदार्थांच्या पुस्तकात ‘पचायला हलकं’ म्हणून दिलेलं असतं. खरं तर ही आपल्या स्वयंपाकघरानं तयार केलेली कवळीच होती. चावण्याचं काम तोंडातून काढून पाट्या-वरवंट्याकडे आणि सुनेच्या हातांकडे दिलेलं. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनं सांगता येत नाही. आपल्याच घरांत मशेरी होती. तंबाखू भाजून, तिची पूड करून हिरड्यांना लावायची. दात घट्ट होतात या समजुतीनं बायकांच्या पिढ्यांनी ती लावली आणि तिनंच हिरड्या पोखरल्या, दात सैल केले, काहींना तोंडाचा कर्करोग दिला. गावाकडे ती अजून पुरती गेलेली नाही.

पूर्ण कवळीची जुनी गोष्ट हवी तर जपानला जावं लागतं आणि तिथे पुन्हा एका बौद्ध मठाचाच संबंध येतो. नाकाओका तेइ नावाची एक भिक्षुणी १५३८ मध्ये वारली. तिची कवळी आजवर टिकली आहे. ती लाकडाची आहे. लाकूड कोरून टाळूला इतकं नेमकं बसवायचं की ओल्या तोंडात ते चिकटून राहावं, ही मूर्ती कोरणाऱ्यांच्या देशातली विद्या. आपल्याकडेही कोरणारे हात कमी नव्हते. सांचीच्या दक्षिण तोरणावरचं कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं असं तिथला लेखच सांगतो. पण आपल्या दंतकारांचा दात देवळात आणि महालात गेला, माणसाच्या तोंडात गेला नाही.

युरोप-अमेरिकेत तो तोंडात गेला, पण बेतानंच. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये पदावर बसला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याच्या कवळ्या लाकडाच्या होत्या ही लोककथा. प्रत्यक्षात त्या पाणघोड्याचं हस्तिदंत, जनावरांचे दात आणि माणसांचे दात जोडून केलेल्या होत्या आणि स्प्रिंगांनी उघडमीट करत. १७८४ च्या त्याच्या हिशेबात काळ्या गुलामांकडून नऊ दात घेतल्याची नोंद आहे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या शिपायांचे दात काढून विकले गेले आणि पुढे कितीतरी वर्षं अशा दातांना ‘वॉटर्लूचे दात’ म्हणत. श्रीमंताच्या हसण्यासाठी गरिबाच्या तोंडातला दात! वॉशिंग्टनची कवळीही दाखवायचीच होती. तिनं धड खाता येत नसे.

कवळी सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली ती रबरामुळे. गंधक घालून रबर कडक करण्याची युक्ती गुडइयर बंधूंनी शोधली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कवळीची बैठक सोन्याऐवजी रबराची झाली. साचा घ्यायचा, रबर ओतायचं, दात बसवायचे. पण पेटंट घेतलेली कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून पैसे मागू लागली, खटले भरू लागली. १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका त्रासलेल्या दंतवैद्यानं कंपनीच्या खजिनदाराला गोळी घालून ठार केलं. दातासाठी खून, आणि तोही दंतवैद्याच्या हातून. पुढे १९३०च्या दशकात ॲक्रिलिक आलं. आज आपण पाहतो ती गुलाबी हिरडीची कवळी त्याचीच.

आपल्याकडे ही विद्या रीतसर शिकवायला सुरुवात झाली ती १९२० मध्ये, कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढलेल्या कॉलेजात. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं. तोवर दात काढायला वैदू होता, बाजारात बसणारा दातवाला होता आणि मुंबईसारख्या शहरांत चिनी दंतवैद्यांच्या पाट्या होत्या. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं पदवीधरांची एक यादी केली आणि पदवी नसलेल्या पण वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची दुसरी. त्या दुसऱ्या यादीतल्या हातांनी किती म्हाताऱ्यांना दोन घास खायला लावले याचा हिशेब कुणी मांडला नाही.

कवळी कशासाठी, या प्रश्नाचं सगळ्यांत स्वच्छ उत्तर मला गांधीजींच्या तोंडात सापडतं. त्यांचं बोळकं हसू आपण असंख्य छायाचित्रांत पाहिलं आहे. त्यांच्याकडे कवळी होती, पण ती ते जेवतानाच लावत, असं त्यांना भेटलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. जेवण झालं की काढून ठेवायची आणि बोळक्यानं जगाशी बोलायचं. बेडशाच्या मावशींचा नियम याच्या अगदी उलट. गांधीजींना दिसण्याची पर्वा नव्हती. मावशींना खाण्याची सोय दुसरीकडे सापडली होती. दोघांचंही समाधान खरं होतं.

पण समाधान मोजायचं कसं? आणि चावणं तरी मोजता येतं का? येतं. आणि ते ज्यानं मोजलं ती वस्तू आपल्या ओळखीची आहे. शेंगदाणा! १९५० मध्ये अमेरिकेत मॅन्ली आणि ब्रॅली या संशोधकांनी ठरलेल्या वजनाचे शेंगदाणे लोकांना चावायला दिले. वीस वेळा चावा आणि भांड्यात थुंका. मग तो चोथा चाळणीतून धुऊन काढायचा, खाली किती गेला आणि वर किती राहिला ते तोलायचं. पीठ चाळणाऱ्या कुठल्याही बाईला ही पद्धत सांगावी लागणार नाही. १९६४ मध्ये कपूर आणि सोमण या दोघांनी शेंगदाणे आणि गाजरं देऊन कवळी लावणाऱ्यांची परीक्षा घेतली. त्यांचा निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. कवळी लावणाऱ्याची चावण्याची ताकद स्वतःचे दात असणाऱ्याच्या पाव ते सातवा हिस्सा, असा आकडा दंतवैद्यकाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं दिला जातो. म्हणजे लोणावळ्याच्या चिक्कीचा तुकडा माझ्या नातवानं एक मिनिटात संपवला तर कवळीवाल्याला तो पुरता वठणीवर आणायला जेवणाची सुट्टी लागेल. भोर घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. घाटातल्या मजुरांसाठी गूळ आणि शेंगदाण्याची गुडदाणी विकली जाई, तिची पुढे चिक्की झाली, असं लोणावळ्यात सांगतात. मजुराच्या दातांसाठी केलेला तो खाऊ आहे, निवृत्त मास्तरांच्या नव्हे.

यात सगळा दोष कवळीचा नाही. दात गेला की त्याला धरून ठेवणारं हाडही झिजायला लागतं. वापर नाही तर राखण कशाला, असा शरीराचा रोखठोक हिशेब. १९७२ मध्ये टॅलग्रेन या अभ्यासिकेनं पंचवीस वर्षांच्या निरीक्षणांतून दाखवलं, की पुढच्या बाजूचं हाड खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतं. वरची कवळी टाळूला चिकटते. खालची, जिभेच्या आणि गालांच्या धक्क्यात, घोड्याच्या नालेसारखी तरंगते. म्हणून मावशींची कवळी उचलते. म्हणूनच माझीही उचलत असे. वर्गात, नंतर सभांत, ‘शिवाजी महाराज’ म्हणताना शकारावर ती पुढे सरके आणि मी हात तोंडाशी नेई. समोरच्यांना वाटे, मास्तर भावनावश झाले.

या तरंगणाऱ्या कवळीला नांगर मिळाला तो एका सशामुळे. १९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगव्हार ब्रेनमार्क हा संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी कुपी बसवून रक्त कसं तयार होतं ते पाहत होता. काम झाल्यावर कुपी काढायला गेला तर ती निघेना. हाडानं तिला आपलं मानलं होतं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यानं गुस्ता लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट रोवले. जन्मतःच जबड्यात व्यंग असलेला हा माणूस २००६ मध्ये वारला, तोवर ते खुंट त्याच्या तोंडात काम करत होते. पण दंतवैद्यकाच्या जगानं ब्रेनमार्कला पटकन मानलं नाही. १९८२ च्या टोरांटोच्या परिषदेनंतर मत पालटलं. आणि २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एक साधं विधान केलं. खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्या माणसाला नुसती कवळी नव्हे, तर दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हा पहिला पर्याय असावा. फार नाही, दोनच. एखाद्या बटणासारखी कवळी त्यांच्यावर ‘टच्’ करून बसते.

मी ते करून घेतलं. शस्त्रक्रिया, मग हाड स्क्रूला धरेपर्यंत काही महिने वाट, मग कवळी. आता तुम्हाला वाटेल, मी पहिल्याच दिवशी चिक्की खाल्ली. नाही खाल्ली. पहिल्या दिवशी मी एका मित्राच्या षष्ट्यब्दीपूर्तीला जाऊन दहा मिनिटं बोललो आणि हात एकदाही तोंडाशी नेला नाही. चिक्की चार दिवसांनी खाल्ली. तीही लहान तुकडा, दाढेखाली धरून.

पुढे वाचलं तेव्हा कळलं, की माझं काही वेगळं नाही. दोन इम्प्लांटच्या कवळीनं चावणं सुधारतं हे चाळणीवर दिसतं आणि समाधान वाढतं हे लोक स्वतः सांगतात. पण हे दोन्ही एकमेकांच्या बरोबरीनं चालत नाहीत. चाळणीवर नापास झालेला माणूस ‘मी मजेत आहे’ म्हणतो, आणि उत्तम चावणारा कुरकुरतो. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की मॉन्ट्रियलच्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, साधी कवळी लावणारे आणि इम्प्लांटची कवळी लावणारे यांच्या आहारातल्या पोषणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दात बदलले, ताट बदललं नाही. वीस वर्षं गुरगुट्या भात खाल्लेला माणूस दात आले म्हणून लगेच कच्ची काकडी खायला लागत नाही. सवय जबड्यापेक्षा मनात खोल रुतलेली असते. म्हणून नवे दात देताना त्याच्याबरोबर ‘आता हे खाऊन बघा’ असं सांगणारं माणूसही द्यायला हवं.

मग मावशींना इम्प्लांट कशाला, त्या समाधानी आहेतच, असं कुणी म्हणेल. इथे मला थांबवंसं वाटतं. आपल्या समाजात गरिबाचं समाधान फार सोयीचं असतं. तो तक्रार करत नाही, म्हणजे त्याला काही कमी नाही, असं आपण धरून चालतो. मावशी भाकरी कुस्करतात, कारण त्यांना तेच आवडतं असं नाही. दुसरा मार्ग त्यांना कुणी दाखवलाच नाही. एका इम्प्लांटला पाच आकडी रक्कम लागते. २०१७ मध्ये केंद्रानं ज्येष्ठांसाठी काढलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या साहित्याच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र आणि चाकाची खुर्ची यांच्या जोडीला कवळीही आली. ही चांगली गोष्ट झाली. पण कवळी दिली की काम संपत नाही. तिथून ते सुरू होतं. ती घासून-तासून, दोन-चार फेऱ्यांत, त्या तोंडाला बसवावी लागते. चष्मा एकदा दिला की दिसतं. कवळी मात्र माणसासारखी रुळावी लागते. शिबिराचा तंबू संध्याकाळी उठतो आणि कवळी डबीत जाते.

बेडशाच्या टाक्यावर एका महारठिनीचं, म्हणजे सरदार घराण्यातल्या बाईचं नाव कोरलेलं आहे. सामडिनिका. चैत्यगृहाच्या ओसरीत नाशिकच्या आनंद शेठीच्या मुलाचं, पुष्यणकाचं नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या लोकांनी अनोळखी भिक्षूंसाठी पाण्याची आणि निवाऱ्याची सोय केली आणि ती दगडात केली, म्हणजे एका दिवसाची केली नाही. दान म्हणजे वस्तू देऊन मोकळं होणं नव्हे. घेणाऱ्याच्या उपयोगी पडेपर्यंत तिची काळजी वाहणं. हत्तीच्या तोंडात सुळा रोवणाऱ्या कारागिरालाही हे ठाऊक असणार. खाच नीट घेतली नाही तर सुळा पडतो.

जाता जाता माझी एक चूक सांगतो. त्या दिवशी जेवण झाल्यावर मी पिशवीतून लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की काढली आणि मावशींच्या हातावर ठेवली. देऊन झाल्यावर लक्षात आलं की आपण काय केलं. मित्रांनी डोळे मोठे केले. मावशींनी मात्र पुडा कपाळाला लावला आणि फळीवर डबीशेजारी ठेवला.

महिन्याभरानं पुन्हा तिकडे जाणं झालं. या वेळी मी केळी नेली होती. मी ओशाळून म्हणालो, “मावशी, मागच्या खेपेला तुम्हाला चिक्की दिली. नातवंडांनी खाल्ली का?”

“त्येंनी कशाला? म्याच खाल्ली,” मावशी म्हणाल्या. “खलबत्त्यात कुटली न् रोज च्याबरोबर चिमूट चिमूट. ब्येस हुती.”

मग जरा थांबून, फळीकडे पाहत त्यांनी विचारलं, “मास्तर, तुमच्या त्या खिळ्यांना लई पैसं लागतात का वो?”

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. त्याचं सहज देता येईल असं उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हतं.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)